थाळीतले विळे

टिण्.

दादाजीभाऊंच्या अंगणात गाव जमलेलं, पण चिडीचूप. त्यांच्याकडे उतरलेल्या खुशालबाबांनी माझ्या दुखऱ्या गुडघ्यावरच्या पाल्याच्या लगद्यावरून काळा दगड फिरवला, अंगठ्याने पुसला, आणि पितळी थाळीत नखाएवढा लोखंडी विळा पडला.

"पाहा, रक्तातला इळा. दवाखान्याच्या भिंतीवर नुसतं चित्र हाये. काढून कोनी दाखवला?"

सिकलसेलला आमच्या गावात विळ्याची बिमारी म्हणतात. पोस्टरवर विळ्यासारख्या लाल पेशी आहेतच. कोण नाही म्हणणार?

पाच विळे निघाले. "आता गोळी बंद," बाबा म्हणाले. "गोळी अन् मंत्र सवती हायेत. एका घरात नांदत नाई." लोक हसले. माझ्या सासूबाई मात्र रडल्या. उरलेला पाला त्यांनी प्रसाद म्हणून मागून घेतला.

घरी येईस्तोवर दुखणं खरंच उतरलं. सासूबाईंनी माझ्या गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. "आता सुखानं राह्य, बाई." त्यांचं मन मोडवेना. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं.

नवरा वरोऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये. दुपारी सासूबाई शेतात, लेक दिव्यानी शाळेत. तेवढा वेळ माझा. तेव्हा मी वही काढते. मंजुषा म्हणून एक आहे, तिलाही हाच आजार. तिच्या फोनवरच्या गटात आम्ही साठ पेशंट रोज लिहितो: दुखण्याचा कितवा दिवस, पाणी किती, थंडी किती, गोळी घेतली का. महिनाअखेर ती सगळं जुळवून पाहते. "डॉक्टर आपल्याले पाच मिनिटं पाह्यते," ती म्हणते, "आपन आपल्याले रोज पाह्यतो."

मी लिहिलं, 'पाचवा दिवस. उतरलं.' मागची पानं चाळली. दिवाळीत पाचव्या दिवशी उतरलेलं. पोळ्याला सहाव्या. तेव्हा तर बाबा गावात नव्हतेच.

मंजुषाला फोन केला.

"आपले नऊ जन गेले त्याच्याकडं," ती म्हणाली. "दुखन्याच्या चौथ्या दिवसाआधी तो कोनाले हातच लावत नाई. त्यातल्या सात जनायचं दुखनं महिन्यात परत आलं. गोळी सोडनाऱ्या दोघी भरती हायेत."

तेवढ्यात दिव्यानी शाळेतून आली. जुन्या स्पीकरमधलं चुंबक तिचं खेळणं. तिनं ते प्रसादाच्या पाल्यात खुपसलं.

टिक्. चुंबकाला विळा. हा पाला माझ्या अंगाला लागलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन दादाजीभाऊंच्या अंगणात गेले.

"बाबा, आंगाले लावाच्या आधी पाल्याले चुंबक लावून पाहू द्या."

"श्रद्धा नसली तर इळा निघत नाई, बाई."

दिव्यानीनं पाल्यात चुंबक फिरवलं. टिक्, टिक्, टिक्. मग तिनं ते बाबांच्या दगडाजवळ नेलं. दोन्ही अशी चिकटली की तिला सोडवेनात.

बाबा संध्याकाळच्या बसने गेले. माझ्याशी कोणी बोललं नाही. फक्त दादाजीभाऊ म्हणाले, "लोकायले चार दिवस बरं वाटत होतं. तुह्यं काय जात होतं?"

आम्ही दोघीच घरी आलो. सासूबाईंनी गोळ्यांचा डबा फळीवरून खाली काढला.

म्हणून लिहिते. विळा हा पेशीचा नुसता आकार आहे. तो लोखंडाचा नाही, दगडाने ओढून निघत नाही. कोणी गोळी सोड म्हटलं, तर आधी आपली वही उघडा. दुखणं आपलं आहे, त्याचे दिवसही आपणच मोजावेत.

दिव्यानीनं गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"आई, मंग तुह्या आंगातले खरे इळे कोन काढीन?"