साडूपेक्षा चार बोटं वर

माणसाला शत्रू नसला तरी चालतं, साडू असला की भागतं. माझा साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लोक खिशात चष्मा ठेवतात तसा हा गृहस्थ गाडीत ड्रिल ठेवतो.

आमच्याकडे बाथरूमसाठी आरशाचं कपाट आणलं होतं. टांगायचं राहिलं म्हणून ते शिक्षा झाल्यासारखं भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

"राहू द्या," ही म्हणाली. "रविवारी भावोजी येतायत, तेच लावतील. ताईकडचं त्यांनी असं बसवलंय, जराही हलत नाही."

"मीही हलत नाही."

"तेच तर दुखणं आहे."

म्हणजे रविवारच्या आत कपाट माझ्याच हातून भिंतीवर चढायला हवं होतं. नाहीतर उरलेलं आयुष्य आरसा उघडताना भावोजी आणि मिटताना भावोजी.

मी 'सहज' म्हणून साडूकडे गेलो आणि त्याच्या बाथरूममध्ये शिरून कडी लावली. बेसिनपासून कपाटाचा तळ बरोबर दोन विती वर. मग कपाट धरून ओढलं. जवळजवळ लोंबकळलोच. हललं नाही. मला फार वाईट वाटलं.

"साडूभाऊ, बरे आहात ना?" बाहेरून आवाज आला. "पोट बिघडलं असेल तर गोळी आहे माझ्याकडे."

गोळीसुद्धा ह्याच्याकडेच!

तिथून तडक हार्डवेअरच्या दुकानात गेलो. "कपाट टांगायचंय. साडूने वापरलीय त्यापेक्षा मजबूत अशी स्क्रूची गिट्टी द्या."

"साडूने कुठली वापरलीय?"

"ते माहीत नाही."

"बरं, भिंत कसली आहे?"

"आमची."

"कुणाची ते नाही विचारलं. विटांची की पोकळ?"

घरी येऊन भिंतीवर टकटक केली. दबदब आवाज आला, आणि पलीकडून ही ओरडली, "कोण आहे? दार उघडंच आहे!"

पोकळ. पुन्हा दुकान गाठलं, तेव्हा दुकानदाराने काढलेल्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या परत डब्यात टाकल्या. "या विटांच्या भिंतीला. पोकळ भिंतीत आत पडतील, आणि मागोमाग कपाट खाली. तुम्ही हा पंखांचा अँकर घ्या. पंख मिटून भोकातून सारायचा, पलीकडे गेला की उघडतो आणि भिंतीला मागून धरतो. पण भोक मोठं पडतं आणि स्क्रू काढलात की पंख आतच राहतात. तेव्हा जागा एकदाच ठरवा."

"साडूकडे पंख नसणार ना?"

"मला काय माहीत?"

नसणारच. मी ड्रिल भाड्याने घेतलं.

ही बाजारात गेल्यावर मी दोन विती मोजल्या. मग मनात आलं, साडूच्या बरोबरीने कशाला? चार बोटं आणखी वर घेतलं. भोकं पाडली, पंख आत उघडल्याची खट्ट खट्ट ऐकली, कपाट चढवलं आणि लोंबकळून पाहिलं. ढिम्म! मला स्वर्ग दोन बोटं उरला.

ही आली, आरशासमोर उभी राहिली.

"कपाट छान बसलंय," म्हणाली. "मी कुठाय?"

आरशात फक्त तिचा भांग दिसत होता. ताई हिच्यापेक्षा वीतभर उंच आहेत, हे लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतं. बाथरूमची कडी लावून माप घेताना मात्र ते कुणाला आठवणार?

"खाली घ्या ना थोडं."

खाली घ्यायचं म्हणजे वरची दोन भोकं उघडी पडणार, आणि रविवार तर उद्यावर आलेला. "माणसाने नजर वर ठेवावी," असं म्हणून मी विषय संपवला.

साडू आला. त्याने कपाट ओढलं, ठोकलं, मान तिरकी करून खालून पाहिलं. "पंखवाला? वा! आमच्याकडे नुसत्या गिट्ट्या हो." त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण जे उमटलं ते मी आजही जपून ठेवलं आहे. तेवढ्यात ही टाचा उंचावून कंगवा काढायला धडपडली. खिशातून टेप काढून साडूने जमिनीपासून काहीतरी मोजलं.

पुढच्या रविवारी तो स्टूल घेऊन आला. स्वतः केलेलं. कडा गोल घासलेल्या, पायांना रबर, उचलायला मधोमध खाच.

आता रोज सकाळी ही त्यावर चढते, आरशात स्वतःला डोळे भरून पाहते आणि म्हणते, "भावोजींच्या हातात जादू आहे, नाही?" कपाट कुणी लावलं हे तिला आठवत नाही, कारण ते पडत नाही. मी अधूनमधून ओढून बघतो. पंख फार चांगले निघाले.

काल घरात कुणी नसताना मी स्टूलवर चढलो. आरशात माझं पोट दिसलं. मग जागच्या जागी थोडं डुलून पाहिलं, डावीकडे, उजवीकडे.

लेकाचं जराही हलत नाही.