रेंजर साहेबांची खिडकी

रेंजर चिंतामणराव अंथरुणाला खिळले त्याला पाच महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत त्यांच्या खिडकीशी येऊन औषध सांगून गेला नाही असा माणूस त्या गल्लीत उरला नव्हता. आजाऱ्याला पाहायला येणारा प्रत्येक जण अर्धा वैद्य असतो. बालाघाटात तो पाऊण असतो. कुणी लसणाचं तेल सांगे, कुणी बिरसा गावाकडच्या बैगा वैदूची जडी. शेजारचा भैयालाल तर दिवसातून तीनदा गज धरून उभा राही. "साब, जंगली कबूतर का खून मलवाओ. हमारे फूफाजी पंद्रह दिन में साइकिल चलाने लगे थे." फूफाजी पुढे सोळाव्या दिवशी काय करत होते, ते मात्र तो कधी सांगत नसे.

हा सगळा राबता आशालताबाईंना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, मनापासून आवडायचा. मुलगी सासरी नागपूरला, मुलगा भिलाईच्या नोकरीत. घरात दोघंच. दिवाळीच्या तोंडावर लकव्याने साहेबांची उजवी बाजू गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "हवा येऊ द्या, माणसांत ठेवा." बाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी पलंग रस्त्याकडच्या पूर्वेच्या भिंतीला लावला, अगदी खिडकीला खेटून, आणि खिडकीचा पडदा काढून धुऊन पेटीत टाकला. पहिल्याच आठवड्यात साहेब वाकड्या तोंडाने म्हणाले होते, "बंद कर ती." बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी काय सांगितलं, ऐकलं ना तुम्ही?" त्यानंतर साहेब जे गप्प झाले ते गप्पच. होय-नाही एवढं मानेने. बाईंना वाटलं, आजार जिभेवर गेला.

बैहरच्या जंगलात तीस वर्षं काढलेला माणूस तो. त्याच्या जीपचा आवाज आला की नाक्यावरचे गार्ड टोपी सावरत उभे राहायचे. आता तो खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येकाकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. आणि जेवणाचं तर विचारू नका. बाई उशाशी बसून चमच्याने वरणभात भरवायच्या, चार घास झाले की साहेब तोंड मिटून घ्यायचे. खोबणीत गेलेले डोळे, ढिला झालेला सदरा. परवा डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं, "पोटात अन्न गेलं नाही तर हा उन्हाळा निभणार नाही, वहिनी." तेव्हापासून बाईंच्या पोटातही अन्न जात नव्हतं.

त्यातच खिडकीने मान टाकली. खिडकी सागवानी, आत उघडणाऱ्या दोन झडपांची. बिजागऱ्या झिजून झिजून पार कागद झालेल्या. एक झडप खाली बसून उघडीच अडकली होती. दुसरीची मूठ कधीच गळाली होती, ती झडप उघडी राहावी म्हणून सुतळीने भिंतीतल्या खिळ्याला बांधलेली. फाल्गुनातलं वारं सुटलं आणि एका दुपारी सुतळी तुटून ती झडप साहेबांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आपटली. बाईंनी त्याच संध्याकाळी बूढी मोहल्ल्यातल्या तेजराम मिस्त्रीला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तेजराम आला, साठीकडे झुकलेला, हाडकुळा, बोलायला सडेतोड. त्याने झडप हलवली, चौकटीतल्या भोकांत करंगळी घातली आणि हसला.

"काप गेले न भोकं राह्यली, बाई! या भोकात आता पेच धरत नाई. सागाच्या खुंट्या ठोकतो, मग नव्या बिजागऱ्या बसवतो. मुठी, चिटकनी, सगळंच बदला."

"सगळंच बदला," बाई म्हणाल्या. "बिजागऱ्या-मुठी मी गोंदियाहून पितळेच्या मागवून ठेवल्या आहेत. आणि असे आकडे लावा की दोन्ही झडपा भिंतीला घट्ट राहिल्या पाहिजेत. वाऱ्यानं मिटायला नकोत. माणसं येतात-जातात, तेवढाच त्यांना विरंगुळा."

तेजरामने साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे पाहत होते.

"साहेबाले विचारलं काय?"

"त्यांना काय विचारायचं? बोलतात कुठे ते!"

तेजरामने पिशवीतून हत्यारं काढली. सकाळभर त्याची पटाशी चालली. खुंट्या ठोकून झाल्या, झडपा चढल्या, खालची कड रंध्याने सारखी केली. पितळी मुठी बसल्या, दोन्ही झडपा अडकवायला मधोमध चिटकनी बसली. बोटाने ढकललं तरी झडप आवाज न करता फिरू लागली. बाईंच्या सांगण्याप्रमाणे भिंतीत आकडेही बसले. खिडकी अशी सताड उघडली की अख्खी गल्ली खोलीत आल्यासारखी वाटावी. बाईंना फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी एक काम त्यांच्या मनासारखं झालं होतं.

दुपारी तेजराम पडवीत आपली शिदोरी खाऊन हत्यारं आवरायला आत आला, तेव्हा बाई साहेबांना भरवत होत्या. दुसरा घास झाला न झाला तोच गजांत भैयालालचा चेहरा उगवला.

"वाह! खिड़की तो चमक गई, साब! खाना चल रहा है? खाओ, खाओ. अरे भाभीजी, वो दाल गिर रही है, ठोड़ी पे, पोंछो."

बाईंनी पदराने साहेबांची हनुवटी पुसली. शाळेतून परतणाऱ्या दोन मुली थांबल्या, त्यांनीही आत पाहिलं आणि एकमेकींना कोपराने ढोसत पुढे गेल्या. तेवढ्यात साहेबांचा डावा हात उठला. छातीवरून आडवा होत तो उजवीकडे, खिडकीच्या दिशेने सरकू लागला. मानेच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला. बोटं मुठीपासून चार बोटं अलीकडे थांबली आणि तिथेच थरथरत राहिली. मेलेली उजवी बाजू त्यांना कुशीवर वळूच देत नव्हती.

बाईंचे डोळे भरून आले. "अहो, पाहा तेजराम, पाच महिन्यांत पहिल्यांदा हात उचलला! खिडकी उघडायला पाहून राह्यले!"

"खिडकी तं उघडीच हाय, बाई," तेजराम हळू आवाजात म्हणाला. "साहेब उघडून नाई राह्यले. लावून राह्यले."

बाई चमचा हातात धरून तशाच बसल्या. भैयालालनेही ऐकलं असावं. "अच्छा, हम शाम को आते हैं," म्हणत तो सटकला. तेजरामने आकडा काढला, झडप थोडी पुढे ओढून धरली आणि साहेबांच्या बोटांकडे पाहिलं. तरीही ती पोचेनात.

"मुठीले दोरी बांधून देऊ काय, साहेब? इथूनच ओढाल."

साहेबांचे ओठ हलले. आवाज जाड, तुटका होता, पण शब्द कळला. "दोरी... बैलाला."

पाच महिन्यांनी साहेबांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द, आणि तोही असा तिखट! बाईंना हसावं की रडावं कळेना.

तेजरामने पलंगाच्या दोन्ही टोकांशी जाऊन पाहिलं. "मंग एकच इलाज हाय. पलंग फिरवा. डोकं इकडं, पाय तिकडं. म्हणजे साहेबाचा डावा हात सरळ खिडकीशी येते."

"इकडं म्हणजे उत्तरेला?" बाई ताडकन उठल्या. "शुभ बोला जरा! उत्तरेला डोकं कुणाचं करतात, ठाऊक नाही का तुम्हाला?"

"ठाऊक हाय. आमी नाई मानत ते आता. पन घर तुमचं हाय, तुमी मानता तं राहू द्या."

"राहूच द्या! डॉक्टर काय म्हणाले मला, ते माझं मला ठाऊक. त्यात मी माझ्या हातानं यांना उत्तरेकडे डोकं करून निजवू? माणूस गेल्यावर निजवतात तसं?"

"आशा."

दोघांनीही वळून पाहिलं. साहेब बाईंकडे पाहत होते, छताकडे नाही. एकेक शब्द ते दगड उचलावा तसा उचलत होते.

"रोज... दर्शनाला... ठेवतेस मला. रस्त्यावर. मग... उत्तर... काय वाईट?"

बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. पाच महिने त्या या माणसासाठी मरमर मरत होत्या. रात्रीची झोप सोडली, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली, अंगाला तेल चोळलं. आणि हा म्हणतो, दर्शनाला ठेवतेस! राग आला, आणि रागाच्या मागोमाग तो डाळ ओघळलेला चेहरा, त्या कोपर ढोसणाऱ्या मुली, गज धरून उभा राहिलेला अख्खा गाव त्यांच्या डोळ्यांपुढे आला. रोज त्या स्वतः उशाशी बसून सगळ्यांच्या देखत ते तोंड पुसत होत्या. आपण त्याला माणसांत ठेवतोय असं त्यांना वाटत होतं.

"तेजराम," त्या म्हणाल्या, "पायाकडून धरा. मी डोक्याकडून धरते."

"मले एकट्यालेही जमते, बाई."

"नाही. मी धरते."

जड शिसवी पलंग, त्यावर माणूस. दोघांनी इंचाइंचाने तो फिरवला. उशी उत्तरेला आली तेव्हा बाईंनी मनातल्या मनात देवाला एवढंच सांगितलं, काय बघून घ्यायचं ते माझ्याशी बघून घे. मग त्यांनी दुसरा आकडाही काढला आणि बाजूला झाल्या.

साहेबांनी डावा हात लांब केला. पहिली झडप लागली. दुसरी लागली. चिटकनीशी बोटं बराच वेळ झटापट करत राहिली. तेजराम पुढे व्हायला गेला तर बाईंनी त्याचा दंड धरला. अखेर चिटकनी खट्कन बसली. खोलीत अंधूक झालं. साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की तो दारापर्यंत ऐकू आला.

"ताट," ते म्हणाले.

बाई चमचा घेऊन पलंगाशी बसायला गेल्या. साहेबांनी मान हलवली. "इथं ठेव." त्यांनी मांडीवरच्या चादरीकडे डोळ्यांनी खूण केली आणि मग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्या नजरेत लाज होती. जन्मभर उजव्या हाताने जेवलेला, पंगतीत बसलेला माणूस. डाव्या हाताने जेवताना त्याला कुणी पाहायला नको होतं. एवढंच तर हवं होतं! आणि बाई पाच महिने त्याच्यासाठी आणखी हवा, आणखी माणसं गोळा करत होत्या.

त्यांनी चार उशा पाठीशी लावल्या, ताट मांडीवर ठेवलं, भातावर वरण वाढलं, आणि तेजरामला खुणेने बाहेर बोलावून दार ओढून घेतलं. तेजराम हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पायऱ्या उतरला.

संध्याकाळपर्यंत वाट बघायचा भैयालालचा पिंडच नव्हता. अर्ध्या तासात तो परत आला, बंद झडपेवर टकटक केली आणि घाबऱ्याघुबऱ्या ओट्याशी धावला.

"भाभीजी, खिड़की बंद? सब ठीक तो है ना?"

"सब ठीक है, भैयालालजी. साब खाना खा रहे हैं."

"तो हम अंदर बैठ जाते हैं ज़रा. मन लगा रहेगा उनका."

"नहीं," बाई म्हणाल्या. "खिड़की अब उनके हाथ में है. खोलेंगे, तब आना."

भैयालाल गोंधळून पाहतच राहिला, मग डोकं खाजवत निघून गेला. बाई ओट्यावरच बसल्या. आत जावं, सांडलं-लवंडलं असेल ते पुसावं, असं दहादा मनात आलं. हात शिवशिवत होते. पण त्या बसून राहिल्या. आतून ताटाचा, भांड्याचा आवाज येत होता. मधेच काहीतरी खाली पडलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि बाई अर्धवट उठल्या. तेवढ्यात आतून जाड, अडखळता आवाज आला.

"आशा... भात आण."

बाई धडपडत स्वयंपाकघरात गेल्या, भाताचं पातेलं घेऊन आल्या. दाराला हात लावला आणि थांबल्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. या दाराशी त्या आजवर कधी थांबल्या नव्हत्या. पदराने डोळे पुसून त्यांनी बाहेरूनच विचारलं,

"येऊ का?"