कवळीवाल्याच्या जागी मी

मी एक जुना लगदा आहे. मित्रांनो, छत्री, घड्याळ, फळा अशा सभ्य मंडळींची आत्मवृत्तं तुम्ही ऐकली असतील. ती बिचारी तुमच्यासाठी झिजली. मी माणूस गिळला. उगाच गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही.

मला कोणी बनवलं नाही. डोंगर फोडून प्लास्टरचा दगड काढतात, त्याच्या फटीत मी ओलसर पडून होतो. किती काळ, ते ठाऊक नाही. मोजायला शेजारी कोणी नव्हतं. दगड भट्टीत भाजला, दळला, त्याचं पांढरं पीठ झालं. मी वाळून खपलीसारखा झालो, पण मेलो नाही. पोत्यात भरला गेलो आणि गोदामात आलो.

तिथे एक उंदीर मला हुंगायला आला. मी त्याला आत घेतलं आणि उंदीर झालो. शेपटी, मिशा, कानाचा फाटका कोपरा, सगळं तंतोतंत. मोठ्या आनंदानं त्याच्या बिळात गेलो. त्याच्या पिल्लांनी एकदाच नाक हलवलं आणि सगळी भिंतीला चिकटली. त्यांची आई माझ्या अंगावर धावून आली. मी मुकाट्यानं परत पोत्यात. उंदरांना एका श्वासात कळलं. आता माणसांचं ऐका.

पोतं एका कवळ्या बनवणाऱ्याच्या खोलीत आलं. घरात बहीणभाऊ दोघंच. आईवडील केव्हाच गेलेले, लग्न दोघांचंही राहून गेलेलं. ताई खिडकीपाशी बसून तयार कवळ्या घासायची, त्यांना चकाकी आणायची. धाकट्याला ती ढब्या म्हणायची, त्याचे केस पिकले तरी. ढब्या तोंडाचं माप घ्यायचा, प्लास्टरचा साचा ओतायचा, मेणावर दात बसवायचा. हात चालायचे तशी दोघांची तोंडंही चालायची.

"ढब्या, तो रेडिओ बंद कर, नाहीतर तू तरी बंद हो."

"रेडिओला बटण आहे, ताई. मला बसवायचं आई विसरली."

हे सगळं मी पोत्यात पडून ऐकायचो. मला कधी कोणी 'गप्प बस' असंही म्हटलं नव्हतं. मला ते हवंसं झालं. आणि हवी ती गोष्ट मिळवायची मला एकच रीत येते.

एका दुपारी ताई डॉक्टरांकडे तयार कवळ्या पोचवायला गेली होती. ढब्यानं माझ्यासकट प्लास्टर कालवलं आणि किती घट्ट झालं ते बघायला बोट बुडवलं. ओरडायला त्याला तोंड उरलं नाही. ताई परत आली तेव्हा त्याचा शर्ट घालून मी त्याच्या स्टुलावर बसलो होतो.

आणि माझं कौतुक सुरू झालं! डॉक्टर म्हणाले, "वा, हल्ली कामं वेळेवर येतात." न्हावी म्हणाला, "शहाण्यासारखा बसायला लागलास की! मान हलवत नाहीस." ज्याच्याशी ढब्या शाळेपासून भांडत आला होता, तो जिवलग मित्र पाठीवर थाप मारून म्हणाला, "सुधारलास रे!" अरे, तुमचा माणूस गेला! समोर लगदा उभा आहे आणि तुम्हाला तो सुधारलेला दिसतो? लोक मला भयंकर म्हणतील. खुशाल म्हणा. पण मला जागा करून देणारे तुम्हीच. माणूस तुम्हाला त्रास देईनासा झाला की तुम्ही त्याच्याकडे बघायचंच सोडता.

माझी समजूत होती, जागा मिळाली की माणसं मिळतील. तसं झालं नाही. सगळे ढब्याशी बोलत होते. मी त्याच्या कातडीच्या आत बसून ऐकत होतो, पोत्यातून ऐकायचो तसाच.

ताईला मात्र काहीतरी खटकत होतं. "बरं नाही का तुला?" असं विचारायची, कपाळाला हात लावायची. कपाळ गार. मग स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकायची. ती शाल ढब्यासाठी होती, हे मला कळत होतं. तरी मी ती घट्ट धरून बसायचो.

ढब्याची कामाची एक पद्धत होती. मेणावर दात लावले की ती कच्ची कवळी तो गिऱ्हाइकाला घालायला द्यायचा आणि गप्पा छाटत बसायचा. चावट विनोद, शेजाऱ्यांच्या चहाड्या, वाट्टेल ते. माणूस भान विसरून हसला की ढब्या नीट बघून घ्यायचा आणि गरम सुरीनं एखादा दात किंचित वाकडा करायचा. कोणता, ते ज्याच्या त्याच्या हसण्यावर. मग ती कवळी त्या माणसाची होऊन जायची. मी त्याचे हात घेतले होते. दात ओळीत लावले, सरळ, देखणे. कोणाला हसवावं हे मला सुचलंच नाही.

एक म्हातारा पोस्टमन नवी कवळी घालून आरशासमोर उभा राहिला. तोंड वेंगाडून बराच वेळ बघत होता.

"ताई, दात झकास आहेत हो. पण फार शिस्तीचे. मी इतका सज्जन कधीच नव्हतो!"

ताई फिसकन हसली. हसता हसता सवयीनं तिनं माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी ढब्यानं पोस्टमनच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. मी नुसता बघत होतो. तिचं हसू ओठांवरच थिजलं.

पोस्टमन गेल्यावर तिनं दार लोटलं. टेबलावरच्या कवळ्या एकेक करून उजेडात धरल्या. सगळे दात सरळ.

"ढब्या कुठे आहे?"

"ताई, मीच की."

"मला ताई म्हणू नका."

सख्ख्या भावाला तिनं असं परक्यासारखं कधी म्हटलं नव्हतं. मला खोटं रेटवेना. मी अर्धा चेहरा ढिला सोडला. तो ओघळला. ताई किंचाळली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली.

"तो मला चावला होता. ते माहीत आहे?"

"डाव्या मनगटाला. तू त्याला बळंच दूध पाजत होतीस."

"मग तो आहे! आत आहे तो!"

"नाही. मला ते माहीत आहे. आठवत नाही."

ती खाली बसली. जरा वेळानं तिनं बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला, माझ्याजवळ.

"मलाही घे. आत भेटेल तो मला. ह्या खोलीत एकटीनं मला नाही राहता येणार."

मित्रांनो, मला भूक होती. तिचा हात उबदार होता. ती आली असती तर तिचे टोमणे, तिची शाल, सगळं माझं झालं असतं. पण ते सगळं मला नुसतं माहीत झालं असतं. टोमणे मारायला ताई उरली नसती.

"आत कोणी भेटत नाही," मी म्हणालो. "आत मी एकटाच असतो."

तिनं हात काढला नाही. मग मीच ढब्याचं रूप सोडलं आणि सरपटत पत्र्याच्या डब्यात उतरलो. किती तरी वेळानं ती उठली आणि तिनं झाकण ठोकून बसवलं. नंतर ती रडली. पत्र्यातून मला ऐकू येत होतं. ते रडणं त्याच्यासाठी होतं. माझ्यासाठी रडायचं कारणच काय कोणाला?

मित्रांनो, तुमच्या घरातलं भांडखोर माणूस अचानक गुणी झालं, तर पेढे वाटू नका. जवळ जा. त्याला चिडवा, त्याची खोडी काढा. शिवी हासडली तर मिठी मारा. आणि ते नुसतंच तुमच्याकडे बघत राहिलं तर तुम्हाला त्याची दया येईल, कारण ते फार एकटं दिसेल. एकटं असतंच ते. तरी उठा, आणि दाराबाहेर पळा.