दगडातलं ठिगळ

धाकट्यानं आपणहून बोलावणं धाडलं, तेव्हाच थोरल्या सुताराला कळायला हवं होतं की कुठंतरी पाणी मुरतंय. लाकूड सोडून छिन्नी धरलेला हा भाऊ कित्येक वर्षांत त्याच्या उंबऱ्याला शिवला नव्हता.

भिक्षूंचं लाकडी सभागृह या दोघांच्या बापानं बांधलेलं. ते वाळवीनं खाल्लं, आणि आता धाकटा तेच जसंच्या तसं डोंगराच्या पोटात कोरत होता. दगडी छताला वाशांची काडीचीही गरज नसते, पण भिक्षूंना ओळखीचे वासे हवे होते.

"बघ दादा, ओळखतोस का?" धाकटा म्हणाला.

थोरल्यानं मान वर केली. बाकदार वासे, थेट बापाच्या हातचे. आणि मधल्या वाशाच्या टोकाला जोड, जोडावर पट्टी, पट्टीला खुंट्या. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. हाच वासा आखूड कापला म्हणून बापानं सगळ्यांदेखत त्याची अब्रू काढली होती. वाळवीनं निदान तेवढं तरी गिळलं, म्हणून तो निर्धास्त होता.

"हे कशाला कोरलंस?"

"भिक्षू म्हणाले, होतं तसं करा. आता कुणी विचारलं तर सांगू, थोरल्या सुताराची करामत."

भोवती काम करणारे पाथरवट फिदीफिदी हसले. थोरल्याला भावाचा मनापासून तिटकारा आला, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं त्यानं बाहेर काढलं.

"तो वासा तू कापलास. मापाची काठी शोधायचा कंटाळा, म्हणून वितीनं मोजलास. बाबांनी तुला घराबाहेर काढलं असतं, म्हणून शिव्या मी खाल्ल्या. जोड माझा, चूक तुझी."

"खोटं आहे," धाकटा म्हणाला, पण त्याला वीत आठवली होती. हसणारे आता त्याच्याकडे बघत होते.

त्यानं छिन्नी उचलली आणि वर पाहिलं. आधी छत कोरायचं, मग पायाखालचाच खडक फोडत खाली उतरायचं, ही पाथरवटांची रीत. ज्या खडकावर उभं राहून त्यानं ते ठिगळ कोरलं, त्याचा केव्हाच चुरा झाला होता. आता तिथवर पोचायला लाकडी परांची हवी, आणि एवढी उंच परांची बांधणारा सुतार एकच होता.

"दादा, परांची बांधून दे. पट्टी तासून टाकतो."

"कशाला?" थोरला दाराकडे वळला. "भिक्षू म्हणाले ना, होतं तसं करा."