सटाण्याच्या पाल्यातलं लोह

देवळा, विंचूर आणि सटाणा इथल्या शेवग्याच्या पाल्यात पोषण किती, हे मृण्मयी दोन वर्षं नाशिकच्या प्रयोगशाळेत मोजत होती. निबंध सोमवारपर्यंत पाठवायचा होता. नाही गेला तर पीएचडी आणखी वर्षभर लांबणार. आणि नेमका आता सटाण्याने घोळ घातला. शंभर ग्रॅम वाळक्या पाल्यात देवळ्याचं लोह चोवीस मिलिग्रॅम, विंचूरचं सव्वीस, सटाण्याचं एक्क्याऐंशी.

तिने तीनदा मोजलं. एक्क्याऐंशी जागचं हललं नाही.

तिचे मार्गदर्शक ढुंढिराज सर मूळचे सटाण्याचे. ते म्हणाले, "मातीतच दम आहे आमच्या."

"सर, देवळा शेजारीच आहे. तिथे चोवीस."

"देवळ्याचं काय घेऊन बसलीस."

बुधवारी ती एसटीने सटाण्याला गेली. पाला पाठवणाऱ्या भागुबाई भाकरी थापत होत्या.

"मावशी, पाला वाळवला कसा होता?"

"तू सांगितलं तसाच. ऊन नको, सावली पाहिजे."

"कुठे?"

भागुबाईंनी चुलीवरच्या लोखंडी तव्याकडे हनुवटी केली. चार दिवस आभाळ होतं, पाला काळा पडायला लागला. मग त्यांनी तो तव्यावर टाकून उलथन्याने खरवडून खरवडून कोरडा केला होता.

"पण मावशी, सावलीत सांगितलं होतं ना?"

"मंग चूल काय उन्हात शे?"

दोन पदव्या घेतलेल्या मृण्मयीने वहीत लिहिलं: चूल सावलीत. तिने ताजा पाला स्वतः तोडला आणि नाशिकला आणून पंख्याखाली वाळवला. शनिवारी आकडा आला: बावीस. तिन्हींत शेवटचा.

सरांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"मी गावच्या ग्रुपवर एक्क्याऐंशी टाकलंय," ते म्हणाले. "उद्या सत्कार आहे माझा. आकडा सोमवारी बदलू."

"तो बदललाय सर. निबंधावर तुमची सही हवी."

"आल्यावर बघू."

सोमवारी सकाळी सर आले. मृण्मयी दारातच कागद घेऊन उभी होती. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली.

"खरं सांगितलं मी सत्कारात," ते म्हणाले. "तवा, उलथनं, सगळं. मंडळी म्हणाली, लोह तव्याचं, मग शाल भागुबाईंना. त्यांना स्टेजवर बोलावलं. त्यांनी माइकवर कृती सांगितली."

"कसली कृती?"

"पाला भाजायची. बायका फोनमध्ये टिपून घेत होत्या. माझ्या वहिनीनेसुद्धा काल तवा चढवला."

मृण्मयी जागेवर जाऊन बसली. निबंध पाठवण्याआधी तिने शेवटच्या पानावर, पुढील संशोधकांसाठीच्या सूचनांत, एक ओळ वाढवली: सटाण्याचे नमुने संशोधकाने स्वतः झाडावरून तोडावेत, आणि वाळेपर्यंत कोणाच्याही स्वयंपाकघरात नेऊ नयेत.