मधोमध नको

मेलेल्या सवतीचा फोटो स्वतःच्या हाताने भिंतीला लावायला निघालेली बाई पाहून शेजारणींनी कपाळाला हात लावला. पण तिचा नाइलाज होता. फोटो दोनदा पडला होता. एकदा तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि पुन्हा ती या घरात आल्यावर आठवड्याभरात. शिसवी लाकडाची थोराड चौकट, एकट्याला उचलता उचलेना अशी. दुसऱ्या वेळी काच फुटली, तेव्हा पहिल्या बायकोची बारा वर्षांची मुलगी तिला म्हणाली, "आईला तुम्ही नको आहात." त्यानंतर पोरीने तोंडाला कुलूपच लावलं. उद्या मामा येऊन तिला कायमचं घेऊन जाणार होता.

नवऱ्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. त्याने हातोडी उचलली की घरातल्यांनी आपापली बोटं सांभाळावीत. भिंतीच्या मधोमध एक खिळा ठोकायचा, सुतळी अडकवायची, हात झटकायचे. पडलं की म्हणायचं, "भिंतच भुसभुशीत आहे." म्हणून तो कामावर गेल्यावर तिनेच कंबर कसली. चौकट तिसऱ्यांदा पडली तर पोर परत या घरात पाऊल ठेवणार नाही, हे तिला कळत होतं. आणि पोर तिला हवी होती. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. पण ती गेल्यावर हे घर आपल्याला खायला उठेल, याची तिला खात्री होती.

शेजारून ड्रिल आणलं. दुकानदाराने स्क्रू देताना बजावलं होतं, "आधी भिंत वाजवून बघा. पोकळ वाजेल तिथे हात लावू नका." ती बोटांनी वाजवत सरकू लागली. डावीकडे भरीव लागलं. मधोमध, जुन्या खिळ्याच्या भोकापाशी, पोकळ. ठक ठक.

आतून उत्तर आलं. ठक ठक.

तिने हात मागे घेतला. ती घराची शेवटची भिंत होती. पलीकडे खोली नाही, जिना नाही, दोन मजले खाली रस्ता. तिने धीर करून तीनदा वाजवलं. आतूनही तीनदा आलं, सावकाश, दार कधी उघडतंय याची मुळीच घाई नसलेल्या पाहुण्यासारखं. पळून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे? संसार तर इथेच मांडलेला.

"ताई," ती भिंतीला म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं. "मी तुमची जागा घ्यायला नाही हो आले. पोरीला तेवढं जाऊ देऊ नका."

"मावशी."

मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. हातात अर्धवट भरलेली पिशवी.

"तुम्हालाही ऐकू येतं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"बाबा म्हणतात, मनाचे खेळ. मामा म्हणतो, हवापालट केली की जाईल." पोर म्हणाली. "मला वाटलं, मला वेड लागलंय."

"मग मलाही लागलंय."

मुलीने पिशवी खाली ठेवली आणि जवळ येऊन त्या भोकावर तळहात टेकवला.

"बाबांनी दोन्ही वेळा खिळा इथेच ठोकला," ती म्हणाली. "आईला तो खिळा नको होता. तुम्ही नको होता असं नाही. आपण मधोमध नको लावू या."

मग दोघी कामाला लागल्या. जिथे भरीव वाजलं तिथे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशी दोन भोकं पाडली. त्यांत प्लास्टिकचे प्लग ठोकून जाड स्क्रू पिळले. चौकटीच्या पाठीला दोन टोकांना दोन कड्या बसवल्या. दोन्ही बाजूंनी धरून, दमछाक होत, चौकट चढवली. मुलीने खालच्या कडेला लोंबकळून पाहिलं. चौकट तसूभरही हलली नाही.

फोटोमागून एकदाच, हलकेच, ठक झालं. दोघींपैकी कुणीही दचकलं नाही.

तेवढ्यात मामाचा फोन आला. उद्या किती वाजता येऊ, विचारत होता. तिने फोनवर हात ठेवला.

"काय सांगू त्याला?"

मुलगी पिशवीतले कपडे काढून घड्या घालत होती. तिने वरही पाहिलं नाही.

"सांगा, इथे आता दोघींना ऐकू येतं."