दाढच किडली आहे ना?

"तोंड उघड ना बेटा," दातांच्या डॉक्टर नाजियांनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा दामिनीने कसंबसं उघडलं. उजवा गाल सुजून टम्म झाला होता. खुर्चीमागे तिचा बाप पुंजाजी जीव मुठीत धरून उभा होता.

भातकुलीच्या स्टँडवर पुंजाजीचा पानठेला. बावीस वर्षं तंबाखू-सुपारी घोटून खर्रा विकतो, आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतः खातो. त्याचा मेहुणा त्याच खर्र्यापायी तोंडाच्या कॅन्सरने गेला. त्याचीही सुरुवात गाल सुजण्यापासूनच. आणि काल नववीतली लेक रडत बोलली, "बाबा, ठेल्यावरचा खर्रा म्या दोनदा खाल्ला." तेव्हापासून पुंजाजीच्या घशाखाली घास उतरला नव्हता. करावं तसं भरावं म्हणतात, ते ठीक. पण भरायची पाळी लेकीवर आली की भल्याभल्यांचं पाणी होतं. आज सकाळीच तो तिला ऑटोत घालून अमरावतीला घेऊन आला.

नाजियांनी दाढेवर हळूच ठोकून पाहिलं. दामिनी कळवळली.

"दाढ किडलीय. आत पू आहे. गोड फार खातेस का?"

"ठेल्यावरच्या गोळ्या," दामिनी पुटपुटली.

"दाढच किडली आहे ना? दुसरं काई नाई?" पुंजाजी पुढे आला.

"दुसरं काही नाही. औषध देते, मग दाढ साफ करून भरू."

"लय बरं झालं मॅडम, किडली ते," पुंजाजीने हातच जोडले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. पोरीची दाढ किडली म्हणून इतका खूश झालेला बाप नाजियांनी आजवर पाहिला नव्हता.

"पण खर्रा बंद," त्या दामिनीला म्हणाल्या. "त्याने जबडा आखडतो. चांगल्या तोंडात अशी तीन बोटं उभी जातात." त्यांनी स्वतःच्या तोंडात घालून दाखवली.

बाहेर पायरीवर चपला घालताना पुंजाजीने पाठ फिरवून बोटं घातली. दोन गेली. तिसऱ्यासाठी जबडा उघडेना. पाणीपुरी अख्खी तोंडात न टाकता फोडून खाण्याची सवय आपल्याला कावून लागली, ते आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

दामिनी बघत होती. "बाबा, डॉक्टर बसेल हायेत अजून."

"तुह्यं झालं ना पोरी. चाल घरी."

"नाई. तुमी आत चाला."

 पुंजाजीने घातलेल्या चपला पुन्हा काढल्या.

"काही राहिलं का?" नावं लिहिणाऱ्या टेबलावरच्या पोरीने विचारलं.

"नाव लिवा," पुंजाजी म्हणाला. "पेशंट मी."